भिंतीकडे जाणारा बाण

मिलिंद,

आज तुझ्या घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान मी उघडलं. वहिनींनी किल्ली हातात ठेवली आणि शटर मी वर ढकललं. ते अर्ध्यावर अडकलं. तू खालून पायाने एक धक्का द्यायचास आणि ते सरळ वर जायचं. मी दोनदा प्रयत्न केला आणि मग वाकून आत गेलो. भालकीच्या बाजारातली ओळखीची माणसं रस्त्यावरून बघत होती.

काम तुझंच होतं. तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड.

बिदरला दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत छापून आलं असतं. मी तसं सुचवलंही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, अख्ख्या तालुक्याची कार्डं ह्या खोलीतनं गेली. त्यांचंच तेवढं दुसरीकडं कामून करायचं?"  कार्डाची एक बाजू मराठी, एक कन्नड, जशी तू सगळ्यांची करायचास. तुझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या सासरची माणसं कलबुर्गीची, त्यांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. उद्या सकाळी पाहुणे परत निघणार आहेत आणि कार्डं त्यांच्याच हाती गावोगाव जायची आहेत. म्हणजे काम आजच व्हायला हवं होतं. मी हो म्हणालो. आयुष्यभर तुझ्या समोर बसून प्रुफं वाचली, तेव्हा एवढं तर जमेल असं मला वाटलं.

तुझ्या टेबलाच्या त्या बाजूला मी आज पहिल्यांदा बसलो.

एवढ्या वर्षांत मी कधी तिकडे आलो नाही. माझी खुर्ची समोर, तीन स्क्रीनच्या पाठीमागे. तू पलीकडून कागद द्यायचास, मी खुणा करून परत द्यायचो. मला दिसायच्या त्या स्क्रीनच्या धुळकट पाठी, वायरी, आणि वरून डोकावणारं तुझं कपाळ. तू हसलास की चष्मा वर सरकायचा, तेवढ्यावरून कळायचं. तुझ्या बाजूने दुकान कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. खुर्चीची गादी तुझ्या बसण्याने एका अंगाला दबलेली आहे. मी बसलो तर तिरका झालो.

तीन कॉम्प्युटर आणि माऊस एकच, यावरून आपण किती भांडलो. मराठीचा जुना फॉन्ट एका मशीनवरच चालतो, कन्नडचा दुसऱ्यावर, उर्दूचा तिसऱ्यावर, हे मला मान्य होतं. पण तिन्हींना मिळून एक माऊस आणि एक कीबोर्ड कशाला? कुठलासा प्रोग्राम टाकून तू तिन्ही मशीन जोडली होतीस. एका स्क्रीनच्या कडेला बाण ढकलला की तो दुसऱ्या स्क्रीनवर निघायचा, आणि जिथे बाण तिथे कीबोर्ड. तू मशीनना नावंही दिली होतीस. मराठीचं उदगीर, कन्नडचं कलबुर्गी, उर्दूचं बिदर. बाण मध्येच अडकला की म्हणायचास, "मास्तर, कलबुर्गीची गाडी नाक्यावर आडकली बघ." आणि माऊस टेबलावर गोल गोल घुमवायचास. तिन्ही स्क्रीनवर तीन बाण दिसतात, त्यातला जिवंत कोणता हे हलवल्याशिवाय कळत नाही, हे तूच सांगितलं होतंस.

अडकायचा पुष्कळदा. कधी बाण कन्नडमध्ये जायचा आणि कीबोर्ड मराठीतच राहायचा, मग कन्नड लग्नपत्रिकेतल्या नवरदेवाचं नाव मराठी कार्डावर जाऊन बसायचं. लाईट गेली आणि आली की तर विचारूच नये. आधी मराठी चालू करायचं, ते पूर्ण जागं होऊ द्यायचं, मग बाकीची दोन. क्रम चुकला की कुणी कुणाला ओळखत नसे. तू त्यावरही हसायचास. "घरातला वडील आदी उठायला पाहिजे गा. पोरं आदी उठली तर कुणाचं ऐकत न्हाईत."

मी चिडायचो. म्हणायचो, "तीन मशीन, तीन माऊस. सरळ हिशेब आहे."

"मास्तर, हात किती हायत मला?"

"दोन."

"मग तीन माऊस कुणासाठी आणायलास?"

शेवटी मी लातूरला गेलो तेव्हा एक नवा माऊस घेऊनच आलो. तू डबा हातात घेतलास, उलटा-पालटा बघितलास, छान आहे म्हणालास आणि खणात ठेवलास. तो परत बाहेर आला नाही. मी मनातल्या मनात तुला हट्टी म्हणून टाकलं. त्यानंतर या विषयावर आपण बोललो ते फक्त टोमण्यांनी, आणि ते बोलणं तसंच राहिलं.

आज तुझं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. क्रम पाळून मशीन सुरू केली. आधी मराठी. तिन्ही स्क्रीन उजळल्या. डावीकडे मराठी, मधे उर्दू, उजवीकडे कन्नड. माऊस हलवला, मराठीतला बाण हलला. उजवीकडे ढकलला, तो उर्दूच्या स्क्रीनवर निघाला. मला इतका आनंद झाला की मी वहिनींना हाक मारणार होतो. उर्दूतून आणखी उजवीकडे ढकलला. बाण कडेला जाऊन थांबला.

मी माऊस उचलून पुन्हा ठेवला आणि पुन्हा ढकलला. वरच्या कोपऱ्यातून, खालच्या कोपऱ्यातून, हळू, जोरात. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर कन्नडची स्क्रीन उजळून बसली होती आणि तिच्यावरचा बाण मधोमध निपचित पडून होता. तिन्ही मशीन बंद केली, चालू केली. टेबलाखाली शिरून वायरी दाबून बघितल्या. भिंतीवरच्या छोट्या डब्यात तीन हिरवे दिवे लुकलुकत होते, म्हणजे तिन्ही जोडलेली होती. तरीही बाण कडेशी थांबलेला.

तुझ्या मैलूरच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो आधी तुझ्याबद्दल बोलत राहिला, मग म्हणाला, "सर, ते जोडकाम अण्णांनीच बसवलं हुतं. मी कितीदा बोललो, नवं घ्या की अण्णा. बाण उर्दूपर्यंत जायलाय ना?"

"जातो."

"मग वायर बरोबर हाय, माऊस बरोबर हाय. कन्नडवालं मशीनच गेलं असंल. आणून द्या, फॉरमॅट मारतो."

"म्हणजे आतलं सगळं जाईल?"

"व्हय सर. जातंय."

मी उद्या सांगतो म्हणालो. आतलं सगळं म्हणजे या तालुक्यातली लग्नं, बारशी, वास्तुशांती, पुण्यानुमोदनं. कन्नडमध्ये ती दुसरीकडे कुठे नाहीत.

मग मला खणातला डबा आठवला. उघडला. माऊस कोरा, वायरीला गुंडाळलेली तार तशीच. खरं सांगतो, तेव्हा मला थोडं बरं वाटलं. म्हटलं, बघ मिलिंद, शेवटी हाच कामाला आला. वायर घेऊन कन्नडच्या मशीनकडे गेलो. माऊसची वायर घालायच्या पुढच्या दोन्ही खाचा मोडलेल्या होत्या, आतल्या पिना वाकून बसलेल्या. मागे एकच खाच धड आणि तीत फॉन्टचं लॉक, पेनड्राइव्हसारखं ते बोटभर बोंड, घातलेलं. ते काढलं तर कन्नड उघडतच नाही, आणि मधे दुसरं काही जोडलं की ते लॉक चालत नाही हे तू कधीतरी कुणाला तरी फोनवर सांगत होतास, ते मी पलीकडून ऐकलं होतं. माऊस घालायला जागाच नव्हती. नव्हतीच कधी.

एवढं साधं कारण. दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण मी लातूरहून डबा आणला होता आणि तू मला सांगितलं नाहीस की हा इथे बसत नाही. 'हात किती हायत मला' एवढंच विचारत राहिलास. माझे टोमणे तू ऐकून घेतलेस. मी टेबलाखाली, वायरींमध्ये, तो माऊस हातात धरून बसलो होतो. बाहेर यायला मला थोडा वेळ लागला.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी पुन्हा तुझ्या खुर्चीत होतो आणि उर्दूच्या कडेला बाण ढकलत होतो. त्यांनी कप ठेवायला जागा शोधली. म्हणाल्या, "न्हाई जमायलंय का?"

"कन्नडमध्ये जात नाही. त्या मशीनचं काही बिघडलंय बहुतेक."

"बिघडंल कसं? त्या दिवशी सकाळीबी चालू हुतं की." मग स्क्रीनकडे बघत त्या म्हणाल्या, "सांडलं असंल काई पुसताना. त्यास्नी दर्शनाला ठेवायला ह्या खोलीत जागा केली तवा टेबल रिकामं केलो, हे तिन्ही डबे आत नेऊन ठेवलो. परत मांडताना कोणतं कुठं हुतं, कुणाला याद हुतं?"

त्यातली एक स्क्रीन मीच उचलून आत नेली होती, मिलिंद. दोन्ही हातांनी छातीशी धरून. ती कोणती होती ते मला आता सांगता येत नाही.

वहिनी आत गेल्या आणि मी चहा तसाच ठेवून त्या तीन स्क्रीनकडे बघत राहिलो. मांडणी तुझी नव्हती. ती पाहुण्यांची होती, हाताला येईल तशी. बाणाला हे कोण सांगणार? टेबलावर काय कुठे आहे हे त्याला दिसत नाही. तू कधीकाळी त्या प्रोग्राममध्ये जो क्रम भरलास, त्या क्रमाने तो चालणार. तो क्रम कोणता होता? मी इतकी वर्षं समोर बसलो आणि मला ते माहीत नव्हतं. आठवून बघितलं. तू कन्नडचं काम करताना मान कोणीकडे वळवायचास? तुझं कपाळ दिसतं, मान वळलेली दिसते, पण डावीकडे की उजवीकडे ते ठरत नाही. मी कागदाकडे बघत असणार.

मग मी बाण परत मराठीत आणला आणि डावीकडे ढकलला. डावीकडे काही नाही. तिथे टेबल संपतं आणि भिंत सुरू होते. त्या भिंतीकडे मी माऊस सरकवला आणि बाण स्क्रीनच्या डाव्या कडेतून निघून गेला. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, कन्नडच्या स्क्रीनवर, बाण हलत होता.

काही बिघडलं नव्हतं. तुझ्या मांडणीत डावीकडे कन्नड होतं, मधे मराठी, उजवीकडे उर्दू. टेबलावरून ती पुसली गेली होती, घरात कुणाला आठवत नव्हती, मला तर कधी माहीतच नव्हती. फक्त त्या बाणाला माहीत होती. मी तो पुष्कळदा असा नेला-आणला. भिंतीकडे ढकलायचा, पलीकडे निघायचा. परत आणायचा. तुझा हात असाच जात असणार, न बघता.

मराठीची बाजू मी केली. तुझी रीत तीच ठेवली, नवं कार्ड कोऱ्यावर करायचं नाही, आधीचं उघडायचं आणि त्यावर लिहायचं. या रीतीनेच एकदा जनवाड्याच्या लग्नपत्रिकेत आधीच्या पत्रिकेतला मामा राहून गेला होता. तुझ्या-माझ्या दोघांच्या नजरेतून सुटला. मुलाचे वडील पत्रिका घेऊन आले आणि आपण मान खाली घालून उभे, तर ते म्हणाले, "आमच्याकडं मामा कमीच हायत. ऱ्हाऊ द्या." तू नंतर दिवसभर हसत होतास. आज जे कार्ड उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. मी त्यांचं नाव निवडलं, ते निळं झालं, आणि त्यावर तुझं टाइप केलं. तुझ्या नावाला इतकी अक्षरं आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं. एकेक कळ शोधावी लागली.

कन्नडसाठी प्रज्ञाला बोलावलं. मला कन्नड बोलता येतं, वाचायचं म्हटलं तर बसवरच्या पाट्यांपुढे जात नाही. ती डोळे पुसत आली आणि उभ्यानेच माऊस धरून उजवीकडे न्यायला लागली.

"तिकडे नाही. डावीकडे ने."

"डावीकडं भिंत हाय की काका."

"भिंतीकडेच ने."

तिने माझ्याकडे बघितलं. मग नेला. कन्नडच्या स्क्रीनवर बाण निघाला तेव्हा ती खुर्चीत बसली. "अप्पा असं उलटं कामून ठेवले?"

"त्याने सरळच ठेवलं होतं. टेबल हललं."

तिने जुनं कार्ड उघडलं, टाइप करायला लागली. वेगात करते, तुझ्यासारखी. तुझ्या नावापाशी आली आणि थांबली, मग नाव ओलांडून पुढचा मजकूर, वेळ, ठिकाण सगळं केलं आणि शेवटी परत येऊन ते भरलं. मधे मधे मराठीत बघायला जायचं, तारखा ताडून घ्यायच्या, आणि प्रत्येक वेळी तिचा हात सवयीने चुकीच्या बाजूला जायचा. बाण कडेला थांबायचा. ती चिडली नाही. म्हणाली, "काका, मी रजा वाढवून घेतलेय. अप्पांनी घेतलेल्या पत्रिका हायत, लोकांची लग्नं तोंडावर आल्यात. मलाच बसावं लागतंय. हे सरळ करून टाकते."

तिने प्रोग्राम उघडला. एका रांगेत तीन चौकोन होते, कलबुर्गी, उदगीर, बिदर. तू ठेवलेले. मी वाकून बघत होतो. ती बरोबर बोलत होती. स्क्रीन उचलून परत तुझ्या क्रमाने मांडाव्यात असं मला वाटलं, पण परत मांडताना पाहुण्यांनी वायरी भिंतीत ठोकून पक्क्या केल्या होत्या, तेवढ्या उपटायच्या म्हणजे सगळं दुकान उसवायचं. आणि कशासाठी? काम अडतंय, मुलीला बसायचंय, लोकांची लग्नं आहेत. "थांब" म्हणायला माझ्याजवळ एकही कारण नव्हतं जे मोठ्याने सांगता येईल.

तिने कलबुर्गीचा चौकोन धरला, डावीकडून उचलला आणि उजव्या टोकाला नेऊन सोडला. एक बटण दाबलं. बाण उजवीकडे ढकलला, तो उर्दूतून सरळ कन्नडमध्ये गेला, जसा जायला हवा तसा. मी नंतर, ती प्रिंटरकडे वळली तेव्हा, माऊस हातात घेऊन एकदा डावीकडे ढकलून बघितला. बाण कडेला थांबला.

मला कुणावर रागवता येत नाही. मशीनमधून काही काढलं गेलं नाही, कुणी काही फेकलं नाही. तू असताना तूही एखाद्या दिवशी हे असंच बदललं असतंस आणि मला पलीकडे बसून कळलंही नसतं. तरी मला वाटतं की मी तिला निदान एवढं म्हणायला हवं होतं, की आधी एकदा तूही भिंतीकडे ढकलून बघ, नुसतं, कामाशिवाय.

प्रूफ निघालं. प्रज्ञाने कन्नड बाजू दोनदा वाचली आणि कागद माझ्याकडे दिला. मी उठून माझ्या जुन्या खुर्चीत येऊन बसलो, स्क्रीनच्या पाठीमागे. पेन काढलं. मराठीची बाजू वाचली. नाव, आडनाव, गाव. त्या म्हाताऱ्या बाईंचं काही राहिलं नव्हतं. वेळ बरोबर, ठिकाण बरोबर, खालची नावं मानाने जशी यायला हवीत तशी. मी दुसऱ्यांदा वाचलं, मग शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक शब्द वाचला, अवघड मजकुराला वाचतो तसा. एखादी वेलांटी, एखादा अनुस्वार, काहीतरी असेल असं वाटत होतं. असतंच. कुठलंही कार्ड पहिल्या प्रुफाला निर्दोष निघत नाही. चूक निघाली की कागद परत जातो, दुरुस्त होतो, दुसरं प्रूफ येतं, ते वाचावं लागतं. त्याला वेळ लागतो.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "झालं का भाऊजी?"

"बघतोय," मी म्हणालो.

प्रज्ञा प्रिंटरमध्ये कागद भरून थांबली होती. चूक नव्हती. मी कोपऱ्यात 'छापा' लिहिलं, खाली सही केली आणि कागद स्क्रीनवरून पलीकडे दिला.